दाजी घाडींचं मुंबईतलं गाऱ्हाणं

आमच्या गावात देवाला दम देणारा एकच माणूस होता, तो म्हणजे दाजी घाडी. बाकीचे आम्ही सगळे देवापुढं हात जोडून गप उभे राहणारे. दाजीकाका मात्र कमरेला पंचा गुंडाळून, एक हात पाठीशी घेऊन रवळनाथाच्या पुढ्यात उभे राहायचे आणि थेट बोलायला लागायचे. "बा देवा म्हाराजा! गावान तुका गेल्या वर्साक नवी पालखी केल्यान. केल्यान मा? मगे ह्या वर्साक मासळी खंय लपवलंस? नुसतो धूप खाऊन बसतंस, तेका काय अर्थ?" मागं उभा असलेला गाव भीत भीतच ओरडायचा, "व्हय म्हाराजा!"

ह्याला आमच्याकडं गाऱ्हाणं म्हणतात. गावाच्या वतीनं कुणीतरी एकानं देवाशी बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. शिरोडा आणि रेडी ह्यांच्या मधल्या आमच्या गावात हे बोलण्याचं काम घाड्यांच्या घराकडं पिढ्यान्‌पिढ्या होतं. कौल लावायचंही त्यांच्याकडंच. देवाच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं, आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. लग्न, विहीर, आजार, भाऊबंदकी, काही असो, दाजीकाकांनी कळ्या लावल्याशिवाय गावात पान हलत नसे.

त्यांचं घर आमच्या घराला लागून. मधे फक्त माडांची एक ओळ. माझं लग्न होऊन मी मुंबईला परळच्या चाळीत आले तरी दर मे महिन्यात माहेरी जायची, आणि पोचल्यावर पहिली हाक त्यांचीच यायची. "सुमा इली काय गो? चाय आसा? नसली तर करू नको, आसली तर घोटभर दी." घरात कधी यायचे नाहीत. अंगणात उभं राहून चहा प्यायचे, कप स्वतः धुवून पालथा घालायचे आणि जायचे. उंच, वाळलेले, कानात बाळी, पुढचे दात गेलेले. पण आवाज असा की समुद्रावर होडीत बसलेल्यालाही ऐकू जावा.

देवाशी बोलायची इतकी सवय जडली होती त्यांना, की कशाशीही त्याच सुरात बोलत. कोंबडी अंड्यावरून उठली की, "बा कोंबडी म्हाराजा, आजून दोन दिस बसलंस तर तुझा काय जाता?" राहाटाचा दोर तुटला की दोराला जाब. त्यांची बायको मुलगा लहान असतानाच गेली. तेव्हापासून पेज आणि भाजलेला बांगडा, एवढाच स्वयंपाक. एकदा माझ्या आईनं फणसाची भाजी पाठवली तर म्हणाले, "वयनी, माका चांगला खावची सवय लावू नको. मगे बांगडो रुसता."

सरळ माणूस. इतका सरळ की लोकांना त्याचा जाचच व्हायचा. एकदा भिकू गवंडी मुलीच्या लग्नाचा कौल लावून घ्यायला आला. मुलगा पेडण्याचा. दाजीकाकांनी कळ्या भिजवल्या आणि सहज विचारलं, "तारीख ठरली काय?" भिकू म्हणाला, ठरली. "मांडव?" तोही सांगून झाला होता. दाजीकाकांनी कळ्या खाली ठेवल्या. "मेल्या, मगे देवाक कित्याक इचारतंस? तेना नाय म्हटल्यान तर काय मांडव मोडतलंस? जेची 'नाय' आयकाची तयारी नाय, तेना इचारूचाच नाय." भिकूनं पाय धरले तरी कौल लावला नाही. लग्न झालं, मुलगी सुखात नांदली, ती गोष्ट वेगळी. पण भिकूनं वर्षभर तोंड फिरवलं होतं.

दुसऱ्या एका वेळी तर ऐन गाऱ्हाण्यात गप झाले. एका माणसावर जाळी चोरल्याचा आळ होता. तो निर्दोष आहे असं देवापुढं बोलावं म्हणून त्याच्या घरचे दाजीकाकांना घेऊन आले. सुरुवात झकास झाली. "बा म्हाराजा, तुझा लेकरू तुझ्या दारात इला आसा..." गाव "व्हय म्हाराजा" म्हणत होता. आणि "ह्येना जाळां चोरूक..." इथवर आल्यावर अडकले. खाकरले. पुन्हा "ह्येना जाळां..." म्हणाले. मग पंचा झटकला आणि सरळ देवळाच्या बाहेर चालते झाले. नंतर माझ्या वडलांना म्हणाले, "माणसांका कायव सांगूक येता, भाऊ. गाऱ्हाण्यात खोटा बोलाक जमणा नाय. जीभच उठणा नाय, मी काय करू?"

वासू त्यांचा एकुलता एक झील. बापाच्या अगदी उलट. तोंडातून शब्द काढायला त्याला जड व्हायचं. मॅट्रिकला नापास झाला आणि कुणाला न सांगता बेळगावला जाऊन पलटणीत भरती झाला. पहिल्यांदा सुट्टीवर आला तेव्हा अंगणातच बापाला कडक सलाम ठोकला. दाजीकाका गोंधळले. "हात खाली कर रे मेल्या, मी काय तुझो साहेब?" म्हणाले आणि कोंबड्यांच्या मागे लागल्याचं सोंग करून परसात गेले. डोळे पुसून आले असणार. आम्ही काय, सगळं बघतच होतो.

वासूचं लग्न शिरोड्याच्या शेवंतीशी झालं. पोर हसरी, गालाला खळी, आणि बोलकी म्हणजे किती! नवरा मुका आणि सासरा देवाशी बोलणारा, त्यामुळं घरात माणसांशी बोलायचं सगळं काम हिच्यावर पडलं, असं माझी आई म्हणायची. तिनं आल्या आल्या चुलीचा ताबा घेतला. दाजीकाका आयुष्यात पहिल्यांदा सोलकढी पिऊन हात चाटताना दिसले.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि वासूच्या पलटणीला परदेशी जायचा हुकूम आला. साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. आफ्रिकेत काँगो म्हणून देश आहे, तिथं यादवी माजली होती. जगातल्या बऱ्याच देशांनी मिळून तिथं शांतिसेना पाठवली होती, तिच्यात आपलेही जवान होते. वासू दोन दिवसांसाठी घरी आला. त्याला मी त्या दिवशी जितकं बोलताना ऐकलं तितकं कधी ऐकलं नाही. "बाबांनू, ही लढाय न्हय. निळी टोपी घालूची. बंदूक आसता, पण आपणहून मारूची नाय. दोघां भांडतत तेंच्या मधी उभा रवाचा."

दाजीकाकांनी तंबाखू चोळता चोळता ऐकून घेतलं. "म्हणजे भांडण सोडवूक जातंस?"

"व्हय."

"मगे मार पयलो तुकाच लागतलो."

पण अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी देवळात सगळ्या गावासमोर कळ्या लावल्या आणि विचारलं, "बा म्हाराजा, झिलाक जावंदे काय?" शब्द संपायच्या आत उजवी कळी खाली. दाजीकाकांचा चेहरा असा काही फुलला! त्यानंतर कितीतरी दिवस जो भेटेल त्याला सांगत सुटले. "आमचो वासू खंय गेलो माहीत आसा? जगाची भांडणां सोडवूक. हंय तुमी माडाच्या झावळेवरसून कोर्टात जातास!"

पुढच्या पावसाळ्यानंतर तार आली. मी तेव्हा धाकट्याच्या बाळंतपणाला माहेरीच होते. जवान वासुदेव घाडी बेपत्ता, एवढंच. मेला असंही नाही, जिवंत असंही नाही. कुठल्याशा नदीच्या पुलापाशी त्यांच्या तुकडीवर हल्ला झाला, बाकीच्यांचं काय ते कळलं, वासू सापडला नाही. शेवंतीनं तार हातात घेतली, तिला इंग्रजी कुठलं यायला. ती नुसती माझ्या वडलांच्या तोंडाकडं बघत राहिली. असं बघणं मी आजवर दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही आणि पाहायला नको.

गाव देवळात जमला. कौल लावल्याशिवाय दुसरं करणार तरी काय? दाजीकाका आंघोळ करून ओल्या पंचानं आले. कौल नेहमी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लागायचा, पण त्या दिवशी त्यांनी गाभाऱ्याचं दार आतून ओढून घेतलं. "बापान झिलासाठी लावलेलो कौल कोणी बघूचो नाय," एवढंच म्हणाले. असा काही रिवाज आम्ही ऐकला नव्हता. पण त्या वेळी त्यांच्याशी वाद कोण घालणार? आम्ही बाहेर उभे. शेवंती खांबाला धरून. किती वेळ गेला कोण जाणे. मग दार उघडलं आणि दाजीकाका उंबऱ्यावर आले. चेहरा पांढराफटक.

"उजवो," म्हणाले. "झील जितो आसा."

गाव जे ओरडला! "व्हय म्हाराजा!" शेवंतीनं उंबऱ्यावर डोकं ठेवलं ते तिला उठवायला दोघी लागलो. ती रडत होती की हसत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

त्या दिवसापासून दाजीकाकांचं देवाला दम देणं थांबलं. गाऱ्हाणी घालायचे, पण तेवढ्यापुरती. दोन वाक्यं, आणि निघाले. लोक म्हणाले, देवानं मुलाचा जीव राखला म्हणून दाजी नरमला. आम्हालाही तसंच वाटलं. अंगणात चहाला यायचे तेही कमी झालं.

शेवंती मात्र वाट बघायला लागली ती मन लावून. तिच्यासारखी श्रद्धा मी कुणाची पाहिली नाही. आमच्याकडं माणूस बेपत्ता झाला तर बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. म्हणजे बारा वर्षांनी का होईना, बाई मोकळी होते. पण ज्याच्यासाठी देवानं स्वतः उजवा दिला, त्याला बारा वर्षं तरी कशी लागू होणार? दोन वर्षं गेली तेव्हा तिचा भाऊ शिरोड्याहून आला. रेडीच्या बंदरात खनिज भरायचं काम तेव्हा जोरात चालू होतं. तिथला एक मुकादम, बायको वारलेला, सज्जन माणूस, शेवंतीशी पाट लावायला तयार होता. त्यांच्यात बाईचं असं दुसरं लग्न चालतं. शेवंती बावीस-तेवीसची. भावानं परोपरीनं समजावलं. ती म्हणाली, "माझो घोव जितो आसा, दादा. देवान सांगल्यानहा. तू माका कित्याक पापात पाडतंस?"

भाऊ दाजीकाकांकडं वळला. "दाजीनू, तुमी तरी कायतरी बोला."

दाजीकाका उठले आणि गोठ्यात गेले. गाय व्यायची आहे म्हणाले. गाय व्यायला महिना होता. भाऊ आणखी एकदा येऊन गेला. मुकादमानं वर्षभर वाट पाहिली आणि मळेवाडची दुसरी मुलगी केली. त्यात त्याची काय चूक?

मग सरकारी पत्र आलं. मुंबईत शांतिसेनेतल्या जवानांचं स्मारक उभारलं होतं, त्यावर कामी आलेल्यांची नावं कोरली होती. वासूचंही नाव होतं. स्मारकाच्या कार्यक्रमाला वडलांनी यावं, मानाची शाल घ्यावी, असा मजकूर. माझ्या वडलांनी वाचून दाखवलं मात्र, दाजीकाकांचा जुना आवाज कितीतरी वर्षांनी फुटला. "जित्या माणसाचा नाव दगडार? काय अक्कल आसा तेंका?" आणि कार्यक्रमाला जायचं त्यांनी साफ नाकारलं.

पण शेवंतीच्या डोक्यातून ते जाईना. जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांच्या दगडावर राहिलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं तिच्या मनानं घेतलं. "मामांनू, आपण जावया. नाव काढूक सांगूया." दाजीकाका आज-उद्या करत राहिले. होळी झाली, शेतं झाली, गुडघा दुखतो झालं. शेवटी तिनंच गाठोडं बांधलं, वेंगुर्ल्याहून बोटीची तिकिटं काढली आणि सासऱ्याला पुढं घालून मुंबईला आली. उतरली ती माझ्याकडं.

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दाजीकाका भिंतीला पाठ लावून बसून राहिले. चहाला हो नाही की नको नाही. मला वाटलं बोट लागली असेल. माझ्या यजमानांनी कचेरीतल्या माणसाच्या समजूतदारपणानं सांगितलं, सरकारी दगडावरचं नाव असं निघत नाही, अर्ज करावा लागतो, चौकशी होते. शेवंतीनं पदर सावरून ऐकलं आणि म्हणाली, "अर्ज तुमी करा, भावोजी. पण आधी मामा थंय गाऱ्हाणा घालतले. दगड कोणाच्यातरी जाग्यार उभो आसा मा? तेचो कोणतरी राखणदार आसतलोच." मी दाजीकाकांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

सकाळी आम्ही तिघं बसनं गेलो. एका मोठ्या मैदानाच्या कडेला लोखंडी कठड्याच्या आत चौथरा, त्यावर दगडी जवान. डोक्याला शिरस्त्राण, मान खाली, बंदुकीची नळी जमिनीकडं. पायऱ्यांवर दोन-तीन पोरं शेंगा खात बसली होती. आडोसा बघून कुणीतरी शर्ट वाळत घातला होता. खाकीतला एक म्हातारा पहारेकरी आला, बोलण्यावरून सातारकडचा. "बाबा, इथं नारळ फोडायचा न्हाय हां, साहेब वरडत्यात. नुसता ठेवा." आणि कुणाचे कोण हे कळल्यावर त्यानं पायातल्या चपला काढल्या. मला ते बघून भडभडून आलं.

नाव शोधायला वेळ लागला नाही. वासुदेव लक्ष्मण घाडी; कागदोपत्री दाजीकाकांचं नाव लक्ष्मण. मी मोठ्यानं वाचलं. शेवंती म्हणाली, "ह्याच. मामांनू, सुरू करा."

दाजीकाकांनी नारळ पायरीवर ठेवला. पंचा कमरेला गुंडाळला. एक हात पाठीशी घेतला. आणि मुंबईच्या त्या रहदारीत, बसचे भोंगे वाजत असताना, आमच्या गावचा तो आवाज उठला.

"बा म्हाराजा! तू खंयचो, कोण तुझो पुजारी, आमका ठावक नाय. पण ह्या जाग्याचो जो कोण मालक आसात, राखणदार आसात, तेच्या पायाकडे आमचा गाऱ्हाणा आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवंती ओरडली. एकटीच. शेंगा खाणारी पोरं हसली. मग मीही ओरडले. लाज कसली?

"आमी दर्यावयल्यान इलंव. गरिबांची पोरां भांडणां सोडवूक तुमी लांब धाडलात. जी मेली, तेंची नावां लिवलात. बरा केलात, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण ह्येच्यात एक नाव चुकीचा आसा, म्हाराजा! वासुदेव लक्ष्मण घाडी, माझो झील. ह्या नाव हंयसून काढूचा. कित्याक काढूचा? तर आमच्या रवळनाथान..."

थांबले. आजूबाजूला आता दहा-पंधरा माणसं जमली होती.

"आमच्या रवळनाथान माका..."

खाकरले. शेवंतीला वाटलं शब्द विसरले. ती हळूच म्हणाली, "सांगा ना मामांनू. रवळनाथान उजवो दिल्यान म्हणान सांगा."

"आमच्या रवळनाथान..." दाजीकाकांनी पुन्हा तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. पाठीशी घेतलेला हात सुटून लोंबकळला. आणि ते पायरीवर बसले. पहारेकरी पाणी आणायला धावला.

"शेवंती," ते म्हणाले, "मी इचारूकच नाय."

"काय इचारूक नाय?"

"देवाक. तार इली त्या दिसा. कळ्यो लावलंय, हात जोडलंय. पण सवाल तोंडातसून भायर पडाक नाय गो. जावंदे काय म्हणान इचारलंय तेवां तेना उजवी दिल्यान हुती, आणि झाला काय? परत इचारूची माका भीती वाटली. डावी पडली आसती तर? भायर गाव उभो हुतो. तू उभी हुतंस, खांब धरून. मी दार उघडलंय नि उजवो म्हणान सांगलंय."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू. ज्या माणसानं भिकू गवंड्याला देवळातून परत पाठवलं, त्यानं हे करावं? आणि राग येतो न येतो तोच मनात आलं, त्यांच्या जागी मी असते तर मी दुसरं काय केलं असतं? पोटच्या पोराचं मरण स्वतःच्या तोंडानं विचारायचं, आणि तेही दोन कळ्यांना!

शेवंती दगडाकडं गेली. मला म्हणाली, "सुमनताय, नाव खंयचा ता माका दाखव." मी दाखवलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मग वळून सासऱ्याला म्हणाली, "तुमी माका सांगूचा हुता. डावी पडली आसती तर मी रडलंय आसतंय. वर्सभर रडलंय आसतंय, मेलंय नसतंय. आता पाच वर्सां मी कोणाची वाट बघलंय, मामांनू?"

दाजीकाका हात जोडून म्हणाले, "गावाक गेल्यार इचारतंय. सगळ्यांच्या म्होरे इचारतंय. देवाची आण."

"नको." ती ओरडली नाही, आवाज चढवला नाही. "आता इचारू नकात. उजवी पडली काय नि डावी पडली काय, माझी वर्सां कोण परत देतलो?"

जमलेली माणसं पांगली. पहारेकऱ्यानं दिलेलं पाणी शेवंतीनंच त्यांना पाजलं, तोंड पुसलं, आणि बसमध्ये चढताना हाताला धरून चढवलं. अर्जाचं नंतर कुणी नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्यावर आम्ही त्यांना बोटीत बसवलं. तिनं सासऱ्यासाठी डेकवर कांबळं अंथरलं आणि स्वतः त्याच्या दुसऱ्या टोकाला बसली.

त्यानंतर दोन वर्षं माझं मे महिन्यातलं जाणं हुकलं, मग मी माहेरी गेले. मुंबईहून निघताना मला वाटत होतं, गावात केवढा गदारोळ झाला असेल. देवाच्या नावावर खोटं बोललेल्या घाड्याला देवळात कोण उभं करील? पण तिथं काहीच झालेलं नव्हतं. शेवंतीच्या कपाळावर कुंकू, गळ्यात काळे मणी, तशीच. गळा बसतो असं सांगून दाजीकाकांनी गाऱ्हाणं पुतण्याकडं दिलं होतं, एवढाच काय तो फरक. गाव अजून म्हणत होता, वासू जिवंत आहे, येईल.

मी शेवंतीला विहिरीवर गाठलं. म्हटलं, "तू सांगितलं नाहीस कुणाला?"

"काय सांगू? कुंकू पुसलंय तर गाव इचारतलो, देवान उजवो दिल्यान हुतो मा? मगे? ह्या वयात तेंका देवळातसून भायर काढतीत. वाडीत कोणी पाणी देवचो नाय." तिनं कळशी कमरेला घेतली. खळी कुठं गेली होती कोण जाणे, गाल आत गेले होते. "मामा जिते आसत तवसर माझो घोव जितो, ताय. असाच समज."

दुपारी मी दाजीकाकांना भेटायला गेले. घराच्या पायरीवर बसले होते. मला ओळखलं, चहाचं विचारलं नाही. तेवढ्यात शेवंती आतून आली. चांगलं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. भिकू गवंड्याच्या नातीचं लग्न होतं आणि मांडवात हळद कांडायला पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. ज्या बाईच्या नवऱ्याला देवानं राखलं तिचा मान मोठा, म्हणून कुठल्याही लग्नाला पहिली हाक तिलाच. ती म्हणाली, "मामांनू, पेज झाकून ठेवलंय," आणि गेली. दाजीकाकांनी वर बघितलं नाही.

ती माडांच्या आड दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाले, "सुमा, माका मराक आजून कितके दिस लागतले गो?"

मी म्हटलं, "असं काय बोलता काका?"

"मी मेलंय काय ती सुटात."

सुटून जाणार होती कुठं? तिचा भाऊ गेल्या साली वारला होता. रेडीचा मुकादम दोन मुलांचा बाप झाला होता. तिची तिशी जवळ आली होती. हे सगळं त्यांनाही माहीत होतं, तरी ते माझ्या तोंडाकडं बघत होते, मी व्हय म्हणावं म्हणून. मला व्हय म्हणता आलं नाही. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले.

वळणावर मागं बघितलं, तर ते तसेच पायरीवर होते, दोन्ही हात मांड्यांवर, तोंड मांडवाच्या दिशेला. मांडवात बायकांनी गाणं धरलं होतं आणि पहिलं मुसळ शेवंतीच्या हातात दिलं होतं.